कुत्र्याची सोबत आणि मनाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतून जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. दोन उत्तरांचा संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुत्र्याला कुरवाळल्याने खरंच ताण कमी होतो, की ही श्वानप्रेमींची समजूत?

होतो, आणि तो मोजताही येतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांनी १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा कमी भरलं. त्याआधी २०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई-बाळाच्या जवळिकीत काम करतं तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं आढळलं नाही.

हा झाला तेवढ्या वेळापुरता परिणाम. कुत्रा पाळल्याने वर्षानुवर्षांचं नैराश्य जातं का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कुत्रा पाळू शकणाऱ्यांची तब्येत आणि पैशाची बाजू मुळातच बरी असण्याची शक्यता असते, त्यामुळे कशाचा परिणाम किती हे वेगळं काढणं कठीण जातं. आमच्या मते रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती शिस्त: ठरलेल्या वेळी उठणं, खाली उतरणं, चालणं आणि चार माणसांशी बोलणं. शेजारच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव माहीत नसलेल्या या शहरात लोक आधी कुत्र्याचं नाव विचारतात, मग कधीतरी तुमचं.

२. थेरपी डॉग, सर्व्हिस डॉग आणि इमोशनल सपोर्ट डॉग यांत फरक काय?

सर्व्हिस डॉग एकाच व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकलेला असतो. अंध व्यक्तीला वाट दाखवणं, कर्णबधिर व्यक्तीला दाराची बेल वाजल्याचं कळवणं, अशी कामं. थेरपी डॉग आपल्या हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्यांना भेटायला जातो: रुग्णालय, विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम. इमोशनल सपोर्ट डॉगला कसलंच खास प्रशिक्षण नसतं. त्याची सोबत हेच त्याचं काम. ही तिसरी कल्पना अमेरिकेतल्या घरभाड्याच्या कायद्यांतून पुढे आली. २०२१ पासून तिथल्या विमान कंपन्यांवरही अशा कुत्र्यांना सर्व्हिस डॉग मानण्याचं बंधन राहिलेलं नाही. भारतात इमोशनल सपोर्ट डॉग असा कायदेशीर दर्जा नाही आणि त्याची सरकारी नोंदणीही नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘सर्टिफिकेट’बद्दल प्रश्न १० पाहा.

३. कुत्रा आणल्यापासून बरं वाटतंय. गोळ्या बंद करू का?

नाही. नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते आणि मूळ त्रासही उलटू शकतो. डोस कमी करायचा तर तो मनोविकारतज्ज्ञांनीच, टप्प्याटप्प्याने.

“मी आता फक्त कुत्र्यासाठी जगतेय” असं कुणी म्हणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. तो आधार खरा असतो, पण कुत्र्याचं आयुष्य साधारण १० ते १३ वर्षांचं. एवढं एकच कारण उरलं असेल तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. टेली मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

४. आई-बाबा गिरगावात दोघंच राहतात. त्यांना विरंगुळा म्हणून पिल्लू आणून देऊ का?

पिल्लू नको. त्याला दिवसा दर दोन तासांनी सू-शीसाठी न्यावं लागतं, ते रात्री रडतं, दात येताना चपला, वायरी आणि बोटं चावतं. सत्तरीतल्या माणसांसाठी हा विरंगुळा नसून दुसरी नोकरी ठरते. शिवाय ते १३ वर्षांचं होईल तेव्हा आई-बाबा किती वर्षांचे असतील, हा हिशोब मुलं सहसा करत नाहीत.

त्याऐवजी ४ ते ७ वर्षांचा, शांत, ८ ते १५ किलोचा कुत्रा दत्तक घ्या. आधी दोन-तीन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता, ठेवून बघा. इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री यासाठी छान असतात. इथल्या दमट हवेची त्यांना सवय असते. घरात आणण्याआधी हे ठरवून घ्या:

- पावसात आणि पाय दुखत असताना खाली कोण नेणार? जुन्या चाळीत लिफ्ट नसेल तर तीन मजले दिवसातून तीनदा होतात. कुत्रा फिरवायला पगारी माणूस लावावा लागेल.
- दोघांपैकी एकाला रुग्णालयात ठेवलं तर कुत्रा कुणाकडे? नाव ठरलेलं हवं. “बघू तेव्हा” चालणार नाही.
- व्हेटचा खर्च कोण देणार?

पडण्याचा धोका खरा आहे. कुत्रा फिरवताना हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांची संख्या अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त झाली. म्हणून गळपट्ट्याऐवजी हार्नेस आणि दीड मीटरचा साधा पट्टा घ्या. आपोआप लांबणारा पट्टा नको. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, कुत्र्याने ओढलं तर हातातून सुटला पाहिजे. रात्री कुत्रा पायात येतो, म्हणून त्याला घुंगरू बांधा आणि बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. मधुमेह असेल तर पायाच्या जखमा-भेगा चाटू देऊ नका. कुत्र्याच्या लाळेतल्या जंतूंनी तिथे चांगलाच संसर्ग होऊ शकतो.

आणि आजी-आजोबांना एक सांगून ठेवा: प्रसादाचा शिरा द्यायचा नाही. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य.

५. मुलाला ऑटिझम आहे. कुत्रा आणल्याने फायदा होईल?

काही मुलांना खूप होतो, काहींना उलट त्रास होतो. कुत्रा बोलण्याची अपेक्षा करत नाही, त्याचे हावभाव सरळ असतात, म्हणून काही मुलं त्याच्याशी पटकन जुळतात. पण अचानक भुंकणं, ओल्या केसांचा वास, चाटणं यांतलं एखादं मुलाला अजिबात सहन होत नसेल तर घर ही दोघांसाठी शिक्षा होते. आधी पारखा, मग ठरवा:

पहिल्या भेटीत ओळखीच्या घरचा, आडवा पडून राहणारा, वयाने मोठा कुत्रा निवडा. मुलाला दोन मीटरवर बसवा, दहा मिनिटं पुरे. हात लावायचा आग्रह करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काम द्या: वाटीत पाणी ओतणं, ब्रशने पाठीवरून दहा वेळा फिरवणं. काम असलं की मुलाला काय करायचं ते कळतं आणि कुत्र्यालाही स्पर्श कुठे होणार ते कळतं. डोक्यावर वरून हात आणण्यापेक्षा छातीला किंवा खांद्याला लावायला शिकवा. अशा पाच-सहा भेटी होऊ द्या. मूल स्वतःहून कुत्र्याची आठवण काढतं का, ते बघा.

घरी आणल्यावर कुत्र्याची एक जागा अशी हवी जिथे मुलाने जायचंच नाही. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये हे अवघड जातं. टेबलाखाली बेड आणि पुढे बेबी गेट एवढं तरी करा. मुलाचा संताप अनावर होत असेल तेव्हा कुत्र्याला बाहेर काढा, मुलाला शांत करायला त्याला पुढे करू नका. दोघांना एकटं सोडायचं नाही, कितीही गरीब कुत्रा असला तरी. मूल पळून जाऊ नये म्हणून काही परदेशी व्हिडिओंत त्याला कुत्र्याशी बांधलेलं दिसतं. ते खास प्रशिक्षित कुत्र्यांचं काम आहे. दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत घरच्या कुत्र्यावर ते करून बघू नका.

६. कुठली जात घ्यावी?

जातीपेक्षा त्या कुत्र्याचा स्वभाव बघा (प्रश्न ८). लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर माणसांत रमतात, पण पहिली दोन वर्षं त्यांना रोज भरपूर व्यायाम लागतो, नाहीतर सोफा फाडतात. पग, बुलडॉग यांची नाकं चपटी असल्याने दमट उन्हाळ्यात त्यांना धाप लागते. हस्की मुंबईत पाळू नये, एवढंच.

७. थेरपीचं सेशन नेमकं कसं होतं?

तीन भूमिका वेगळ्या असतात: थेरपिस्ट रुग्णाकडे बघतो, हँडलर कुत्र्याकडे आणि कुत्रा आपलं काम करतो. थेरपिस्ट आणि हँडलर एकच असेल तर कुणाकडे तरी दुर्लक्ष होतं. कुत्र्याला सहकारी मानून उपचार करण्याची मांडणी अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये केली. न बोलणारं एक मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी मोकळं झालं, तिथून त्याची सुरुवात झाली.

सेशन साधारण ३० ते ४५ मिनिटांचं. आधी लेखी उद्दिष्ट ठरतं. पक्षाघातानंतर हात लुळा पडलेल्या रुग्णाला त्याच हाताने कुत्र्याच्या अंगावरून ब्रश फिरवायला लावतात, बिस्किटं मोजून डब्यात टाकायला लावतात. व्यायाम तोच, पण कंटाळा कमी येतो. अडखळत वाचणारं मूल कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतं. चुकलं तरी समोरचा टोकत नाही, म्हणून आवाज मोकळा होतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये असा वाचनाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत गेला. प्रत्येक वेळी काय जमलं याची नोंद होते. नोंदच नसेल तर त्याला भेट म्हणा, थेरपी म्हणू नका.

परीक्षेच्या आधी कॉलेजात स्पीकर लावून पन्नास मुलांत चार कुत्री सोडण्याचा जो कार्यक्रम होतो, त्यात कुत्र्यांवर किती ताण येतो हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. गट आठ-दहा जणांचा, सगळे जमिनीवर बसलेले आणि कुत्र्याला निघून जायला मोकळी वाट, एवढं असेल तरच परवानगी द्या.

८. आमचा कुत्रा सगळ्यांच्या अंगावर प्रेमाने उड्या मारतो. तो थेरपी डॉग होईल ना?

उड्या मारतो म्हणूनच बहुधा नाही. वॉकर घेतलेल्या आजींवर ती उडी महागात पडेल. हवा तो कुत्रा अनोळखी माणसाजवळ आपणहून जातो, टेकतो आणि तिथेच थांबतो. वय किमान एक वर्ष, दोन असेल तर उत्तम. घरच्या घरी करून बघण्यासारखं:

- पाठीमागे स्टीलचं ताट पाडा. दचकला तर चालेल, पण काही सेकंदांत सावरला पाहिजे.
- जवळून व्हीलचेअर, काठी, वॉकर न्या.
- कान, शेपूट, पंजे थोडे धसमुसळेपणाने हाताळा. तो शांत राहतो का?
- जमिनीवर पडलेली पोळी “सोड” म्हटल्यावर सोडतो का? रुग्णालयात जमिनीवर गोळी पडलेली असू शकते.
- अनोळखी माणसाकडे पट्टा देऊन तीन मिनिटं नजरेआड व्हा.
- भरलेल्या लिफ्टमध्ये न्या.

काम करताना त्याचा ताण ओळखणं हँडलरचं पहिलं कर्तव्य. झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटात घेणं, अंग कोरडं असताना झटकणं. यांतलं काही वारंवार दिसलं की सेशन तिथेच संपवायचं, समोर कोणीही बसलेलं असो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीच ओरडू नका; ती सूचना बंद केली तर पुढच्या वेळी तो थेट चावेल. गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत, ढोल-ताशे आणि फटाके वाजत असताना भेटी ठेवूच नयेत.

९. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात नेताना स्वच्छतेचे नियम काय?

आधी रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण समितीची परवानगी. कुत्र्याला भेटीआधीच्या २४ तासांत अंघोळ, नखं घासलेली, रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिससह लसी वेळेवर, जंतांचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त झालेला. गेल्या ९० दिवसांत कच्चं मांस खाल्लेलं नसावं, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू विष्ठेतून आणि तोंडातून रुग्णापर्यंत पोहोचतात. जुलाब, खोकला, खाज असेल तर भेट रद्द. एका वेळी तासापेक्षा जास्त काम नाही.

रुग्णाने आधी आणि नंतर हात धुवायचे किंवा सॅनिटायझर लावायचं. बिछान्यावर घ्यायचं तर खाली स्वतंत्र चादर, ती लगेच बदलायची. चेहरा, जखम, सलाईनची जागा चाटू द्यायची नाही. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेले रुग्ण आणि विलगीकरणातले रुग्ण यांना भेट नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. हिंदमाताला किंवा आपल्याच गल्लीत साचलेल्या पाण्यातून कुत्रा चालला असेल तर त्या दिवशी भेट नको. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टोचे जंतूही.

१०. सोसायटी म्हणते कुत्रा चालणार नाही. इमोशनल सपोर्टचं सर्टिफिकेट दाखवलं तर?

त्याची गरजच नाही, आणि प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्या कागदाला इथे कायदेशीर वजनही नाही. साधा पाळीव कुत्राही सोसायटीला नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपविधी बदलूनसुद्धा सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्या वापराचे जादा पैसेही मागता येत नाहीत.

तुमच्या बाजूने कागद पक्के हवेत: महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं पुस्तक. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, त्याला या दोन्हींच्या प्रती जोडा आणि पोचपावती घ्या. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा, शी पिशवीत उचला. ही दोन पथ्यं पाळणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी पत्रापर्यंतही जात नाहीत. डॉक्टरांचं पत्र असेल तर समजावताना ते जरूर दाखवा, फक्त त्याला हक्क समजू नका.

११. कुत्रा पाळणं शक्यच नाही. तरी सोबत हवीये.

शेजाऱ्यांचा कुत्रा आठवड्यातून दोनदा फिरवा, सुट्टीत सांभाळा किंवा एखाद्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जा. निवाऱ्यात नेमून दिलेला वार चुकवू नका. तिथली कुत्री वाट बघतात, आणि तुम्हालाही बरं वाटतं ते त्या नेमामुळेच (प्रश्न १).

१२. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घातल्याने खूप समाधान मिळतं. चुकीचं आहे का?

नाही, पण जागा ठरलेली हवी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने मुलांची खेळायची जागा, जिने आणि प्रवेशद्वार यांपासून दूर जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खाऊ घालणं ठरवलेल्या जागीच व्हावं, रस्त्यात कुठेही नको, असं सांगितलं आहे. भात आणि अंडं किंवा चिकन द्या, मीठ-मसाला न घालता. बिस्किटांनी पोट भरतं, पोषण होत नाही. खाणं संपलं की भांडी उचला, नाहीतर घुशी येतात आणि तक्रारीही. कानाला खाप असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेला किंवा संस्थेला कळवा.

एकच कुत्रा जीवाभावाचा झाला आणि एक दिवस दिसेनासा झाला, की मन फार खचतं. हे काम दोघा-तिघांनी मिळून करा. मग शोधायलाही माणसं असतात आणि धीर द्यायलाही.

१३. खेळताना आमच्याच कुत्र्याचा दात लागला. लस दिलेली आहे. दुर्लक्ष करू?

नको. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण आपली १५ मिनिटं बहुतेक वेळा दोनच असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त न येता ओरखडा असेल तर तुम्हाला रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं). दंडातली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

१४. पिल्लू आणल्यापासून रोज रडू येतंय. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. हे पुष्कळांना होतं, लाजेने कुणी सांगत नाही. बहुतेकदा मूळ कारण मोडलेली झोप असतं. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. पिल्लू दिवसाकाठी १८ तासांच्या आसपास झोपतं, त्याला प्लेपेनमध्ये ठेवून तुम्हीही झोपा. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, रस्त्यावर सोडू नका. पण कडेवर घेऊन खाली जा, नाहीतर दोघंही घरात कोंडून जाता. दोन आठवड्यांहून जास्त काळ भूक, झोप, कशातच रस नाही अशी अवस्था असेल तर डॉक्टरांना भेटा. आणि खरंच झेपत नसेल तर जिथून आणलं तिथे लवकर बोला. चार महिन्यांच्या पिल्लाला घर सहज मिळतं, दोन वर्षांच्या बिघडलेल्या कुत्र्याला नाही.

१५. ‘अ‍ॅलर्जी न होणारी’ जात असते का?

नसते. अ‍ॅलर्जी लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, केसांची नाही. पूडलचे केस कमी गळतात एवढंच. आणण्याआधी त्याच कुत्र्याबरोबर बंद खोलीत दोन-तीनदा तासभर बसून बघा. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

१६. कुत्रा गेला. लोक म्हणतात “कुत्राच तर होता”. सुट्टी मागायलाही लाज वाटते.

कारण सांगायचं नसेल तर सांगू नका, पण दोन-तीन दिवस घ्या. दिवसातून दोनदा खाली उतरणं बंद झालं की शरीरालाही ते जाणवतं, म्हणून त्याच वेळेला कुत्र्याशिवाय का होईना, चालायला जा. मुलांना “झोपला” किंवा “गावाला गेला” असं सांगू नका. लहान मुलं मग झोपायला घाबरतात. “मेला, आता परत येणार नाही” हे सरळ सांगा. दुसरा कुत्रा लगेच आणायचा की नाही, हे घरातल्या सगळ्यांनी ठरवावं. वाढदिवसाला अचानक आणून देऊ नका. अंत्यविधीसाठी मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठीची गॅसवर चालणारी दहनभट्टी आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

१७. बाबांना गावी जाताना कुत्रा सोबत असला की बरं वाटतं. रेल्वेने नेता येतो?

येतो. एसी फर्स्ट क्लासमध्ये दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत राहू शकतो. इतर डब्यांत नेता येत नाही. मग त्याला गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून जावं लागतं, आणि ज्याच्या सोबतीने बाबांना धीर येतो त्याला तसं पाठवण्यात अर्थ नाही. पार्सल ऑफिसात आधी नोंदणी करून पैसे भरावे लागतात. लसीकरणाचं पुस्तक आणि प्रवासाआधीच्या २४ ते ४८ तासांतलं व्हेटचं फिटनेस प्रमाणपत्र जवळ ठेवा. कूपे मिळेल याची खात्री तिकीट काढताना नसते, चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून कुत्र्याला सांभाळणारं कुणीतरी मुंबईत तयार ठेवूनच निघा.